निळे हात, दुखरे पाय: जपानच्या तोकुशिमात सहा दिवस

विजेवर धावणारी एकही रेल्वेगाडी नसलेला प्रांत जपानमध्ये एकच आहे, तोकुशिमा. इथे एक-दोन डब्यांच्या डिझेल गाड्या भातखाचरांमधून घरघरत जातात. त्यामुळे इथली माणसं गाडीला ‘देन्शा’, म्हणजे विजेची गाडी, म्हणत नाहीत. ती अजून ‘किशा’च म्हणतात, आपल्या आजीच्या तोंडच्या ‘आगगाडी’सारखं.

शिकोकू हे जपानच्या चार मुख्य बेटांपैकी सगळ्यांत लहान बेट, आणि तोकुशिमा त्याच्या पूर्वेला. या प्रांताचं जुनं नाव आवा. पश्चिमेच्या डोंगरांतून निघालेली १९४ किलोमीटर लांबीची योशिनो नदी इथे समुद्राला मिळते. जपानी लोकांनी आपल्या तीन दांडगट नद्यांना भावांची नावं दिली आहेत, थोरला तारो, मधला जिरो आणि धाकटा साबुरो. योशिनो म्हणजे ‘शिकोकू साबुरो’, घरातलं वांड शेंडेफळ. पुढचा सगळा बेत या नदीच्या काठाने आखला आहे. मुखाजवळ कापड रंगवायचं, मधल्या खोऱ्यात चालायचं आणि वरच्या घळीत नदीत उतरायचं. ‘पाहण्यासारखं’ म्हणाल तर इथे क्योतोच्या मानाने कमीच आहे. करण्यासारखं मात्र भरपूर आहे, आणि सहा दिवसांत ते जमतं.

कधी जायचं, कसं पोचायचं

मेचा मध्य किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुफानं येतात. एप्रिलच्या शेवटी सुरू होणारा ‘गोल्डन वीक’ टाळा, त्या आठवड्यात अख्खा जपान फिरायला निघतो. १२ ते १५ ऑगस्टला तोकुशिमा शहरात आवा ओदोरी हा नाचाचा मोठा उत्सव असतो. त्यासाठीच जायचं असेल तर खोली काही महिने आधी धरा आणि चालण्याचा भाग सोडून द्या. त्या उकाड्यात १६ किलोमीटर चालणं हा शहाणपणा नव्हे. उत्सवाच्या दिवसांत येणं जमलं नाही तरी शहरातल्या आवा ओदोरी काइकानमध्ये वर्षभर प्रयोग होतात आणि शेवटी प्रेक्षकांना उठवून नाचायला लावतात. पहिल्या संध्याकाळसाठी तेवढं छान आहे.

ओसाकाच्या कान्साइ विमानतळावरून तोकुशिमाला थेट बस आहे. पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. खिडकी मिळवा. वाटेत १९९८ साली सुरू झालेला आकाशी काइक्यो पूल लागतो, त्याच्या दोन मनोऱ्यांमधलं अंतर १,९९१ मीटर आहे. मग आवाजी बेट संपताना नारुतोची सामुद्रधुनी येते. भरती-ओहोटीची वेळ जुळली तर खाली भोवरे फिरताना दिसतात.

शिकोकूत उतरण्याआधी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. तोकियो-ओसाकात जे टॅप करायचं कार्ड सगळीकडे चालतं, ते तोकुशिमाच्या रेल्वे स्टेशनांवर चालत नाही. छोट्या गाडीत चढताना यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना पुढच्या दाराशी तक्त्यावर आपल्या नंबराचं भाडं बघून चालकासमोरच्या डब्यात सुटे पैसे टाकायचे. दुसरी गोष्ट म्हणजे रोख पैसे. सुट्या नाण्यांची एक पिशवी वेगळी ठेवा, देवळांत ती लागेलच.

दुसरा दिवस: नीळ

योशिनोला दरवर्षी तुफानांच्या दिवसांत पूर यायचा. त्या वेळी भात शेतात उभा असतो, म्हणून या खोऱ्यात भाताचा भरवसा नव्हता. नीळ मात्र तुफानं यायच्या आत कापून होते, आणि पुराने आणलेला गाळ तिला मानवतो. आवा नीळीसाठी जपानभर नावाजला गेला तो असा. ही वनस्पती आपल्याकडच्या नीळीहून वेगळी आहे, ती कुट्टूच्या कुळातली. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आवाच्या नीळवाल्यांना पहिला फटका बसला तो आयात झालेल्या हिंदुस्थानी नीळीचा. मग जर्मनीची कारखान्यातली नीळ आली आणि तिने दोघांनाही झोपवलं.

तोकुशिमा स्टेशनवरून बसने आइझुमी गावात जा. तिथल्या एका जुन्या नीळ व्यापाऱ्याच्या वाड्यात ‘आइ नो याकाता’ हे संग्रहालय आहे, आणि तिथेच कापड रंगवायला मिळतं. मंगळवारी सहसा बंद असतं, म्हणून वेळ आधी बघून घ्या. रुमालापासून सुरुवात करा. तो स्वस्त पडतो आणि बिघडला तरी हळहळ वाटत नाही.

आधी संग्रहालय बघा, मग रंगाकडे वळा. वाळलेल्या पाल्यावर पाणी मारून, तो उलटसुलट करत शंभरएक दिवस कुजवला की काळपट, मातीसारखा ‘सुकुमो’ तयार होतो. सुकुमो, लाकडाच्या राखेचं पाणी, गव्हाचा कोंडा आणि चुना एकत्र करून रांजणात आंबवतात. वास येतो, आणि तो उग्र असतो. पण आंबलेलं पीठ आणि लोणच्याच्या बरण्यांमध्ये वाढलेल्या माणसाला त्याचं फार वाटू नये. पृष्ठभागावर निळा-जांभळा फेस जमला की त्याला ‘नीळीचं फूल’ म्हणतात. फूल आलं म्हणजे रांजण जिवंत आहे.

आता काम. अंगठ्या, घड्याळ काढा आणि गडद, जुने कपडे घाला. कापडाला रबरबँड, चिमटे, काड्या लावून हव्या त्या घड्या घाला. जिथे आवळाल तिथे पांढरं राहील. आवळताना हात सैल पडतो, तेव्हा वाटतं त्याच्या दुप्पट घट्ट बांधा. कापड आधी साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या. मग ते रांजणात हळूच, बुडबुडे न करता बुडवा आणि पाण्याखालीच हाताळा. सांगतील तेवढा वेळ झाला की काढून पिळा.

बाहेर येतं तेव्हा कापड निळं नसतं, शेवाळी हिरवट असतं. नीळ मुळात पाण्यात विरघळत नाही. रांजणातले जिवाणू तिला विरघळणाऱ्या रूपात आणतात, ती धाग्यात शिरते आणि हवा लागली की पुन्हा मूळ रूपात येऊन तिथेच अडकते. म्हणून कापड पिळल्यावर ते उलगडा, हवेत धरा आणि घड्यांमधल्या हिरव्या जागा बोटांनी उघडा. तुमच्या हातात ते मिनिटभरात निळं होतं. पुन्हा बुडवा, पुन्हा हवा द्या. प्रत्येक फेरीला रंग एक पायरी खाली उतरतो, आणि या पायऱ्यांना नावं आहेत. सर्वांत फिक्या निळ्याचं नाव ‘कामेनोझोकी’, म्हणजे रांजणात नुसतं डोकावून आलेला.

कापड सुती, रेशमी किंवा लिननचं हवं, पॉलिएस्टरला ही नीळ धरत नाही. आपला पांढरा सुती कुर्ता किंवा ओढणी रंगवायची असेल तर आधी विचारा. घरी आल्यावर पहिल्या काही धुण्यांत वेगळं धुवा आणि सावलीत वाळवा. हातमोजे देतात. मी म्हणेन घालू नका, पण मग नखं चार-पाच दिवस निळी राहतील याची तयारी ठेवा.

तिसरा आणि चौथा दिवस: अकरा देवळं

शिकोकूभोवती ८८ देवळांची पायी यात्रा आहे, साधारण १,२०० किलोमीटरची. पूर्ण चालायला दीड महिना लागतो. ती कूकाइ या भिक्षूच्या नावाने चालते. त्याला कोबो दाइशी म्हणतात, जन्म ७७४ सालचा आणि याच बेटावरच्या झेंत्सूजीचा. पहिली अकरा देवळं योशिनोच्या खोऱ्यात जवळजवळ आहेत आणि दोन दिवसांत होतात.

सकाळी मोठी बॅग ‘ताक्क्युबिन’ सेवेने चौथ्या रात्रीच्या मुक्कामी रवाना करा. हॉटेलचा काउंटर हे करून देतो, आणि बॅग दुसऱ्या दिवशी पोचते. पाठीवर एक जोडी कपडे, रेनकोट आणि पाणी एवढंच ठेवा. तोकुशिमाहून बांदो स्टेशनला गाडीने जा, तिथून दहा-पंधरा मिनिटांवर पहिलं देऊळ, ऱ्योझेनजी. नावाचा अर्थ गृध्रकूट पर्वत, म्हणजे राजगीरचा तोच डोंगर जिथे बुद्धाने प्रवचनं दिली.

देवळातल्या दुकानात यात्रेचं सगळं सामान मिळतं. पांढरी बंडी, वेताची टोपी आणि काठी ऐच्छिक आहेत. शिक्क्यांची वही, नावाच्या चिठ्ठ्या, मेणबत्त्या आणि उदबत्त्या मात्र घ्याच. चिठ्ठ्यांचा रंग यात्रा कितवी त्यावर ठरतो, पहिल्या चार फेऱ्यांना पांढरा. काठी घेतलीत तर दोन नियम आले. पुलावर ती टेकवायची नाही, कारण कोबो दाइशी एकदा पुलाखाली झोपला होता आणि अजूनही झोपलेला असू शकतो. मुक्कामी पोचल्यावर आपले पाय धुवायच्या आधी काठीचं टोक धुवायचं. काठी म्हणजे दाइशीच, अशी समजूत आहे. टोपीवर लिहिलेलं असतं, ‘दोग्यो निनिन’, दोघे मिळून चाललेले.

प्रत्येक देवळात क्रम तोच. दारात वाकून नमस्कार. पळीने हात धुवून चूळ भरणं. घंटा असली आणि परवानगी असली तर एकदा वाजवणं, पण येताना, जाताना कधीच नाही. मुख्य मंडपासमोर एक मेणबत्ती, तीन उदबत्त्या, चिठ्ठी, नाणं आणि सूत्रपठण. मग हेच सगळं दाइशीच्या मंडपासमोर पुन्हा. शिक्का शेवटी घ्यायचा, पाचशे येन, सकाळी ८ ते संध्याकाळी ५. सरळ शिक्क्याच्या खिडकीकडे धावणारे दिसतात, तसं करू नका.

पठण येत नाही म्हणून गप्प उभं राहू नका, कारण आपल्याला ते निम्मं येतं. यात्रेकरू म्हणतात ते प्रज्ञापारमिताहृदय सूत्र. चिनी उच्चारांचं, काही न कळणारं सूत्र संपत येतं आणि शेवटी कानावर पडतं, ‘ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ हारासो ग्यातेइ बोजी सोवाका’. मूळ असं आहे, गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा. आणखी एक मंत्र सुरू होतो ‘ओन आबोक्या बेइरोशानो’ असा, म्हणजे ॐ अमोघ वैरोचन. कूकाइ ८०४ साली चीनला गेला आणि तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला. तो धागा इथवर टिकला आहे.

वहीतला शिक्का नीट बघा. काळ्या शाईच्या फटकाऱ्यांमागे लाल शिक्क्यात एक अक्षर असतं. ते चिनी नाही, सिद्धम् लिपीतलं, त्या देवळातल्या मुख्य मूर्तीचं बीजाक्षर आहे. ही लिपी आणि देवनागरी, दोघींचं मूळ गुप्तकाळातल्या लिपीत. शाक्यमुनीचं भः, अमिताभाचं ह्रीः, भैषज्यगुरूचं भै. वळणं थोडी अनोळखी वाटतात, पण दोन-तीन देवळांनंतर डोळा सरावतो. पुढे पुढे शिक्का हातात पडायच्या आधी कोणतं अक्षर येणार याची पैज लावता येते. दुसऱ्या देवळात अमिताभ आहे, तिथपासून सुरुवात करा.

पहिल्या दिवशी पहिल्यापासून सहाव्या देवळापर्यंत, सोळाएक किलोमीटर. प्रत्येक देवळात अर्धा-पाऊण तास जातोच, म्हणून आठला निघालात तर चारच्या सुमारास पोचाल. वाटेवर लाल खुणा आणि यात्रेकरूच्या चित्राचे छोटे फलक आहेत. कुणी म्हातारी घरातून बाहेर येऊन हातात संत्रं किंवा नाणी ठेवेल. याला ‘ओसेत्ताइ’ म्हणतात. वारकऱ्याला चहा-फराळ देणाऱ्या आपल्याकडच्या माणसांचाच हा भाव, तेव्हा संकोचून नाही म्हणू नका. दोन्ही हातांनी घ्या आणि आपल्या नावाची एक चिठ्ठी द्या.

मुक्काम सहाव्या देवळात, आनराकुजीत. इथे यात्रेकरूंना उतरवून घेण्याची परंपरा चारशे वर्षांहून जुनी आहे, आणि गरम पाण्याचं स्नानगृहही आहे. आधी नोंदणी हवीच. स्नानाला अंगावर काही न घालता जायचं, बाहेर बसून साबणाने स्वच्छ धुवायचं आणि मगच सामाईक कुंडात शिरायचं. सोळा किलोमीटरनंतर लाज बरीच कमी झालेली असते.

दुसरा दिवस लांब आहे, एकवीस किलोमीटर. दहाव्या किरिहाताजीला ३३३ पायऱ्या आहेत. तिथून अकराव्याकडे जाताना योशिनो ओलांडायची, आणि या दोन दिवसांतला माझा सर्वांत आवडता तुकडा हाच. नदीच्या मधोमध एक मोठं सपाट बेट आहे, नुसती शेती. पूर आवरण्यासाठी शंभरेक वर्षांपूर्वी तिथली वस्ती उठवली. बेटावर जायला-यायला कठडे नसलेले बुटके पूल आहेत. पुरात ते पाण्याखाली जातात, आणि कठडा नसल्यामुळे वाहून आलेली झाडं अडकत नाहीत. समोरून गाडी आली तर कडेला थांबून तिला जाऊ द्या. पाऊस जोराचा झाला असेल तर या वाटेला जाऊच नका, दहाव्या देवळाहून टॅक्सी बोलवा. उशीर झाला असेल तरी तेच करा. अकरावं फुजिइदेरा, आणि त्याच्या जवळचं स्टेशन कामोजिमा. देवळाच्या मागून बाराव्याची डोंगरवाट चढते, तिचं नाव ‘यात्रेकरूंना लोळवणारी’. मोह झाला तरी आज नको.

जेवणाचं काय

शाकाहारी असाल तर अडचण मांसाची नाही, ‘दाशी’ची आहे. दाशी म्हणजे वाळवलेल्या मासळीचा अर्क. तो सूपमध्ये, भाज्यांत, सॉसमध्ये, सगळीकडे असतो. देवळात उतरलो म्हणजे सात्त्विक जेवण मिळेल ही समजूतही काढून टाका. शिकोकूच्या देवळांत यात्रेकरूंना मासे वाढतात. नोंदणी करतानाच स्पष्ट सांगा, आणि हे वाक्य फोनमध्ये जपानी लिपीतही ठेवा, ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन, दाशी मो दामे देसु’. मांस आणि मासे चालत नाहीत, दाशीही नाही. आयत्या वेळी सांगितलंत तर स्वयंपाकघराची पंचाईत होते आणि तुमच्या ताटात नुसता भात येतो. थेपले, चटणी, मेतकूट जवळ असू द्या.

पाचवा, सहावा दिवस: इया आणि नदी

कामोजिमाहून आवा-इकेदा, तिथून ओबोके. दरी अरुंद होत जाते. ओबोकेहून इया खोऱ्यातल्या काझुराबाशी या वेलींच्या पुलापर्यंत बस आहे, पण दिवसातून मोजक्याच फेऱ्या. परतीची बस ठरवल्याशिवाय चढू नका.

पूल ४५ मीटर लांब, नदीपासून १४ मीटर उंच. रानवेलींनी विणलेला, दर तीन वर्षांनी नव्याने बांधतात. युद्धात हरलेले हेइके सरदार या खोऱ्यात लपले आणि शत्रू आला की तोडता यावा म्हणून त्यांनी पूल वेलींचा ठेवला, अशी आख्यायिका सांगतात. आता वेलींच्या आत पोलादी तारा आहेत, तेव्हा पडण्याची भीती नाही. पण पायाखालच्या फळ्यांमध्ये पाऊल जाईल एवढी फट असते आणि खालचं पाणी स्वच्छ दिसतं. बूट बांधलेले हवेत, चप्पल नको. फोन गळ्यात अडकवा. नजर दोन फळ्या पुढे ठेवा. सकाळी लवकर गेलात तर मागून धक्के देणारी गर्दी नसते. पलीकडे मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, लावून भाजलेल्या बटाटा-टोफूच्या काड्या विकतात, ‘देकोमावाशी’, त्या खा.

सहाव्या दिवशी राफ्टिंग. ओबोके आणि कोबोके या घळींच्या नावांचा लोक लावतात तो अर्थ असा की मोठी पावलं टाकलीत तरी धोका, लहान टाकलीत तरी धोका. २०१७ ची जागतिक राफ्टिंग स्पर्धा इथेच झाली. पहिल्यांदा जात असाल तर ओबोकेचा अर्ध्या दिवसाचा टप्पा घ्या, कोबोकेचा प्रवाह जास्त दांडगा आहे. पोहता येत नसेल तर नोंदणी करताना सांगा. चष्म्याला दोरी बांधा. वेटसूट, जाकीट, हेल्मेट देतात, तुम्ही पोहण्याचे कपडे आणि टॉवेल न्या. प्रवास विम्यात साहसी खेळ धरले आहेत का, ते घरूनच वाचून या. बहुतेक स्वस्त पॉलिसींत ते नसतात.

मार्गदर्शक ‘पुढे’ म्हणाला की वल्हं मारायचं, ‘खाली’ म्हणाला की आत बसायचं. पाण्यात पडलात तर उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवा आणि उभं राहायचा प्रयत्न करू नका. दगडात पाय अडकला तर प्रवाह तुम्हाला खाली दाबतो. बाकी ओरडायला पूर्ण मुभा आहे.

निघताना: पायाने मळलेली कणीक

परतताना त्याच लोहमार्गावर पाऊण तासाच्या अंतरावर कोतोहिरा लागतं, कागावा प्रांतात. इथे उदोन, म्हणजे जाड नूडल्स, करायला शिकवणारी नाकानो उदोन शाळा आहे, आधी नोंदणी करून जा. मैदा, मीठ, पाणी एवढंच साहित्य. पण ती कणीक हाताला दाद देत नाही. पिशवीत घालून, संगीत लावून, तिच्यावर नाचायचं. मग लाटून, घडी घालून, सुरीने कापायचं. शाकाहाऱ्यांनी उकडलेल्या उदोनवर साधा सोया सॉस मागावा, पण त्यात दाशी नाही ना, हे विचारूनच. वेळ उरला तर कोन्पिरा देवस्थानाच्या ७८५ पायऱ्या समोरच आहेत, मात्र राफ्टिंगनंतरच्या मांड्यांना आधी विचारा.

शाळेतून प्रमाणपत्राबरोबर लाटणंही मिळतं. ते, आणि यात्रेची काठी घेतली असेल तर तीही, विमानात हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत. लाटणं मोठ्या बॅगेत नीळीच्या कापडात गुंडाळा, पण कापड आधी पूर्ण वाळलंय ना ते बघा, नाहीतर लाटणंही निळं होईल.